तबकडीवरची साय

त्या वर्षी सोलापुरातले माळे रिकामे झाले. ज्यांच्या घरी बापजाद्यांच्या जुन्या तबकड्या धूळ खात पडल्या होत्या, ते लोक त्या चादरीत गुंडाळून ठसावाचन केंद्रापुढे रांग लावू लागले. गाणं ऐकायला मात्र त्यातला एकही आला नव्हता. गाणी हवी तेवढी, हवी तेव्हा, फुकट मिळत होती. लोकांना ऐकायचं होतं ते पन्नास-साठ वर्षांपूर्वी ते गाणं वाजत असताना खोलीत कोण काय बोललं ते.

आणि मिळतही होतं. बुर्ला कुटुंबाला एका लग्नघरात वाजलेल्या तबकडीतून पणजीच्या शिव्या मिळाल्या, त्याही अस्सल तेलुगूत. घरातली लहानथोर मंडळी त्या शिव्या ऐकून हसता हसता रडली. ही बातमी ऐकल्यापासून श्रीशैल हिरेमठांचं जेवणाखाणावरचं लक्ष उडालं होतं.

श्रीशैलअण्णांचं वय शहाऐंशी. बावन्न वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी, नीलांबिका, मेंदूज्वराने चार दिवसांत गेली. दहा वर्षांची होती. तिचे तीन फोटो होते, एक परकर होता, शाळेचं प्रगतिपुस्तक होतं. आवाज नव्हता. त्या काळी मुलांचा आवाज साठवून ठेवायचं कुणाच्या डोक्यातही येत नसे. मुलं मोठी होऊन घरभर ओरडणारच आहेत, असंच सगळ्यांना वाटे.

"मला गाणंबिणं नको," अण्णांच्या पत्नी महानंदाबाई म्हणाल्या. त्यांच्याकडे आईला अव्वा आणि वडिलांना अप्पा म्हणत. "एकदा 'अव्वा' म्हणाली तरी पुरे. फार नाही मागत मी."

अण्णांनी कपाट उघडून एक तबकडी काढली.

केंद्रातल्या डॉक्टर लावण्या येमूल पस्तिशीच्या होत्या, आणि दिवसातून वीस वेळा तेच समजावून सांगूनही त्यांचा आवाज चिडका झाला नव्हता.

"आजोबा, सुई खाचेतून फिरताना गाणं वाचते, एवढंच आपण समजत होतो. पण ती थोडं लिहितेही. खोलीत कुणी बोललं की टेबल थरथरतं, तबकडी थरथरते, सुईही थरथरते. ती थरथर खाचेच्या भिंतीला घासून जाते. केसाच्या लाखाव्या हिश्शाएवढी, पण जाते. त्याला आम्ही खोलीठसा म्हणतो."

"पण गाणं आणि बोलणं एकमेकांत मिसळत असेल ना?"

"गाणं काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं. ते वजा केलं की खोली उरते." डॉक्टरांनी तबकडी उजेडात तिरकी धरली. "ही किती घरांत वाजलीय?"

अण्णांनी वेष्टनातून एक पिवळं पडलेलं कार्ड काढून दिलं. "बारा. सगळं लिहिलेलं आहे."

कार्ड पाहून डॉक्टर चकितच झाल्या. असं काटेकोर काम त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. तारीख, घर, आणि पुढे दोन-तीन ओळींचा शेरा. 'दुसऱ्या बाजूला शेवटच्या चार मिनिटांत श्वास कुठे घेते ते शोधा.' 'तबला उगाच पुढे पळतो, पण बाई त्याला सांभाळून घेतात.'

हा सगळा कारभार स्वरसंगत श्रोतृमंडळाचा. बारा सभासद, आणि श्रीशैल हिरेमठ त्यांचे सचिव. दर रविवारी सकाळी अण्णांच्या घरी बैठक. प्रत्येकाने आपली आवडती तबकडी आणायची, सगळ्यांनी ऐकायची, मग ती आठवड्याला एक अशी घरोघर फिरायची. एकट्याने ऐकलेलं गाणं म्हणजे एकट्याने जेवलेलं पुरणपोळीचं जेवण, असं अण्णा म्हणत. वाटून घेण्यात त्यांचा हात कधी आखडला नाही. पण नियमात सूट नव्हती. भिंतीवर चौकटीत लावलेला पहिला नियम त्यांच्याच अक्षरात होता: सुई खाली, तोंड बंद.

नीलू वडिलांच्या गुडघ्याशी बसे. तबकडीचं नाव मोठ्याने वाचून दाखवायचा मान तिचा. ती वाचून झाली की अण्णा मनात तीन आकडे मोजत, खोली पूर्ण शांत झाल्याची खात्री करत, आणि मगच सुई टेकवत. आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर तबकडी पुढच्या सभासदाच्या घरी पोहोचवायची, हेही काम तिचंच. पिशवी छातीशी धरून ती अशी चालत जाई की जणू आत मांजराचं पिल्लू आहे.

ही तबकडी रत्नाबाई अथणीकरांची. एका बाजूला तोडी, दुसऱ्या बाजूला एक भजन. दहा घरं फिरून ती पुन्हा बैठकीत आली होती, त्यानंतरच्या कार्डावरच्या शेवटच्या दोन नोंदी अशा होत्या: हिरेमठ, रविवार, ८ फेब्रुवारी १९८१. शेख, गुरुवार, १२ फेब्रुवारी १९८१. मार्चमध्ये नीलू गेली. मंडळ मोडलं. तबकडी अण्णांच्या कपाटात परत आली, आणि त्यानंतर ती कुणी वाजवली नव्हती.

"फार चांगलं झालं," डॉक्टर म्हणाल्या. "एकाच यंत्रावर पुन्हा वाजवली की त्या सुईचा आधीचा ठसा पुसला जातो. दर यंत्राची सुई वेगळ्या वजनाची, वेगळ्या कोनाची. म्हणून प्रत्येक घराचा थर वेगळ्या उंचीवर बसतो. आम्ही वर एक राळ ओततो, ती सुकली की सोलून काढतो. दुधावरची साय काढावी तसा तेवढा थर उचलून येतो."

"आणि बाकीचे थर?"

"ते विस्कटतात, आजोबा. साय एकदाच निघते. एका तबकडीतून एकच घर. कुठलं ते तुम्ही ठरवायचं." क्षणभर थांबून त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी तबकडी चालू असताना बोलणं व्हायचं ना?"

अण्णांनी चष्मा पुसला. "लहान मूल होतं. बोललीच असेल काहीतरी."

तबकडी मंडळाची होती, आणि मंडळात आता दोघेच उरले होते. म्हणून अण्णा युसूफ शेखांची संमती घ्यायला गेले. युसूफभाई त्र्याऐंशीचे, गुडघ्यांनी अधू, जिभेने मात्र ठणठणीत. त्यांची बायको झुबेदा जाऊन आता अडतीस वर्षं झाली होती.

"काय बे, सेक्रेटरी! आज इकडे कसा?"

अण्णांनी सगळं सांगितलं. युसूफभाईंनी तबकडी मांडीवर घेतली, पण वाजवली नाही; वाजवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते बराच वेळ कार्डाकडे बघत राहिले. त्यांच्या नावापुढचा शेरा सगळ्यांत छोटा होता: 'दोनदा ऐकली. फार गोड.' असला आळशी शेरा लिहिला म्हणून अण्णांनी तेव्हा त्यांना भर बैठकीत टोकलंही होतं.

"श्रीशैल," युसूफभाई हळूच म्हणाले, "माझ्या घरचा थर घे की."

"तुझ्या घरचा?"

"घे. माझं ऐक."

अण्णांना एकदम वाटलं, आपण किती स्वार्थी. आपली मुलगी आपल्याला हवी, तशी याला याची बायको हवी असणार. आणि वाईट वाटता वाटता त्यांना थोडा रागही आला, कारण माणसाला एकाच वेळी दोन्ही वाटू शकतं. महानंदा घरी वाट बघत होती. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला उद्यावर काही ढकलता येत नाही.

"झुबेदाभाभींचा आवाज तुला हवा असणार, कळतं मला," ते म्हणाले. "पण युसूफ, तुझ्यापाशी भाभींसोबतची वीस वर्षं आहेत. माझी पोर दहाच वर्षांची होती रे."

युसूफभाईंनी कार्डावरून एकदा अंगठा फिरवला. कार्ड पुन्हा वेष्टनात सरकवून त्यांनी तबकडी अण्णांच्या हातात दिली.

"घेऊन जा," ते म्हणाले. "पोरगी आपली सगळ्यांचीच होती."

परतताना अण्णांचं मन हलकं झालं होतं. पोर आपल्या घरी वाढली. तिचा आवाज आपल्या घरी नाही तर कुठे असणार? त्यांनी अर्जावर लिहिलं: हिरेमठ, ८ फेब्रुवारी.

साय निघायला नऊ दिवस लागले.

डॉक्टरांनी अण्णांना एकट्याला आत बोलावलं तेव्हाच त्यांना काहीतरी कळायला हवं होतं. कानावर यंत्र चढवून ते बसले. आधी पंख्याची घरघर आली. तो त्यांचाच पंखा होता, एका पात्याने किंचित खरडणारा. कुणीतरी घसा साफ केला. स्वयंपाकघरात एक भांडं वाजलं. बावन्न वर्षांपूर्वीची एक संपूर्ण सकाळ होती ती, आणि तिच्यात बारा माणसं श्वास घेत होती.

मग, अगदी माइकजवळ असावा तसा, एक बारीक आवाज उठला. ती गुणगुणत होती. रत्नाबाईंच्या मागोमाग, शब्दांशिवाय, जेमतेम अडीच स्वर. तिसरा स्वर पुरता लागायच्या आत दुसरा एक आवाज आला. तरुण, धारदार, आपल्या अधिकाराबद्दल पुरती खात्री असलेला.

"शू! नीलू. तोंड बंद."

आणि मग अठरा मिनिटं शांतता.

अण्णांनी यंत्र काढलं नाही. बाजू संपेपर्यंत ऐकत राहिले. अजून काहीतरी येईल, ती उठताना काही म्हणेल, अव्वाला हाक मारेल. ती अतिशय शहाणी मुलगी होती. ती पुन्हा बोलली नाही.

"आजोबा," डॉक्टर जरा वेळाने म्हणाल्या, "तुम्हालाच असं झालं असं समजू नका. इथे रोज बघते मी. ज्यांच्या घरी गाण्याकडे कुणाचं लक्षच नसायचं, जेवणावळी चालायच्या, भांडणं चालायची, त्यांना त्यांची माणसं परत मिळतात. जे जीव लावून ऐकायचे, त्यांच्या तबकड्यांत काहीच नसतं."

"पंखा असतो," अण्णा म्हणाले.

रविवारी सकाळी युसूफभाई रिक्षा करून आले. नातवाने हात धरून पायऱ्या चढवल्या आणि तो खाली गेला. महानंदाबाई देवळात गेल्या होत्या. अण्णांनी केंद्राने दिलेल्या छोट्या यंत्रावर युसूफभाईंना ते अडीच स्वर ऐकवले, आणि पुढचंही ऐकवलं. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

युसूफभाई रडले, पण अण्णांना वाटलं तसे नाही. ते मान हलवत होते, जणू एखादी गोष्ट त्यांना आधीपासून ठाऊक होती.

"हेच भजन," ते म्हणाले. "हे पूर्ण यायचं तिला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत."

"तुला काय ठाऊक?"

"गुरुवारी तबकडी घेऊन यायची ना. तू समजायचास, दारातून देऊन परत येते. एक-एक तास बसायची बे. आमच्या झुबेदाच्या मांडीला मांडी लावून. तबकडी लावायची आणि दोघी वरून गायच्या, मोठ्या मोठ्याने. झुबेदा चुकली की पोरगी तिला रागवायची. त्या दिवशी दोनदा लावली."

अण्णांना ते कार्ड आठवलं. 'दोनदा ऐकली. फार गोड.'

"तू मला सांगितलं नाहीस," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"तिने वचन घेतलं होतं. अप्पांना सांगू नका, नियम मोडला म्हणून ते मला रविवारी बसू देणार नाहीत. तिला तुझ्याशेजारी बसायचं होतं रे."

"आणि परवा? परवा का नाही बोललास?"

"बोललो की. माझ्या घरचा थर घे म्हणालो." युसूफभाईंनी डोळे पुसले. "तू म्हणालास, झुबेदाचा आवाज हवा असणार. खरंच होतं ते. हवाच होता मला. त्यानंतर नीलूचं नाव घेतलं असतं तर तुला वाटलं असतं, हा स्वतःच्या बायकोसाठी मेलेल्या पोरीला पुढे करतोय. मला लाज वाटली, श्रीशैल. आणि म्हटलं, तुझ्या घरीही बोललीच असेल ती. बापाच्या घरी मूल बोलणार नाही, असं कुठे असतं?"

दोघे म्हातारे समोरासमोर बसले होते. मधल्या टेबलावर रत्नाबाईंची तबकडी होती, राळेने सोललेली, आरशासारखी गुळगुळीत. त्या गुरुवारची दुपार, दोघींचा आवाज, एकीचं चुकणं आणि दुसरीचं रागावणं, सगळं त्या सायीखाली विस्कटून गेलं होतं. बावन्न वर्षं ते अण्णांच्याच कपाटात जपलेलं होतं.

गुरुवारचं हे महानंदाबाईंना सांगायचं नाही, असं अण्णांनी युसूफभाई जाण्याआधीच ठरवलं.

आता त्या घरात रोज सकाळी पूजा झाली की महानंदाबाई ते छोटं यंत्र मांडीवर घेऊन खिडकीशी बसतात. 'अव्वा' ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी एका शब्दाने तक्रार केलेली नाही. पंखा लागतो, भांडं वाजतं. ते भांडं आपल्याच हातून पडलं होतं, असं त्या कौतुकाने सांगतात. मग नीलू गुणगुणू लागते. एक स्वर, दोन स्वर, आणि तिसरा सुरू होतो न होतो तोच त्या कळ दाबतात. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेवढंच. पंधरा-वीस वेळा तरी.

अण्णा पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलेले असतात. एक दिवस त्यांना राहवलं नाही. ते दारात येऊन उभे राहिले.

"नेहमी तिथेच का थांबवतेस?" त्यांनी विचारलं. "तिचा श्वास आहे पुढे. डॉक्टर म्हणाल्या, अठरा मिनिटं तिचा श्वास ऐकू येतो. पुढचं का नाही ऐकत?"

महानंदाबाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर अण्णांना बरं वाटलं असतं. त्यांनी यंत्र पुन्हा सुरुवातीला नेलं, आणि नवऱ्याकडे न बघता, अगदी साधेपणाने म्हणाल्या,

"पुढे तुम्ही आहात."