कच्च्या मासळीची लाज

तपासणी शिबिर देवळाच्या मंडपात होतं. मी शौचाच्या नमुन्याची माझी डबी रुमालात गुंडाळून घाईनं वळले... आणि कुणावर तरी आदळले. डबी घरंगळत थेट त्याच्या बुटांपाशी!

त्यानं ती उचलून वरचं नाव वाचलं. "कन्निका... छान नाव आहे."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. डबीत काय आहे, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तो थनवत, पोटाचा डॉक्टर. मासळीतून यकृतात शिरणाऱ्या जंतांवर संशोधन करत मेकाँगकाठच्या गावांतून फिरायचा. आठवड्यानं तो माझ्या शाळेत आला. भिंतीवर मीच लिहिलं होतं – 'मासळी शिजवूनच खा.' त्याखाली उभा राहून हळूच म्हणाला, "बाई, तुमच्या डबीत जंतांची अंडी सापडली."

"हळू ना! पोरं ऐकतील."

"कच्ची खाता?"

"बाबा करतात... लिंबू पिळून. नको म्हटलं की रुसतात."

"लिंबानं जंत मरत नाहीत, नुसते चविष्ट होतात." गोळ्या देताना त्याची बोटं माझ्या तळव्यावर क्षणभर रेंगाळली. "बाबांचीही सोनोग्राफी करायला हवी."

बाबा ऐकेनात. "त्याला जेवायला बोलाव. माझ्या हातचं खाल्लं, तर येईन तपासायला!"

तो आला. बाबांनी कच्च्या मासळीची बशी पुढे सरकवली. थनवतनं हात जोडले. "काका, हे नाही खाणार मी."

"मग माझ्या घरात कशाला आलास?"

माझे कान तापले. लाज बाबांची नव्हती, माझीच होती – पोरांना शिकवत होते आणि घरी मुकाट खात होते. मी बशी उचलली, मासळी कढईत ओतली, खरपूस परतून दोघांपुढे ठेवली. "आता जेवा."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग चिकट भाताचा गोळा करून त्यांनी मासळी उचलली. "चव घालवलीस," कुरकुरले... पण थनवतच्या जोडीनं बशी रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत त्यांच्या पित्तनलिका सुजलेल्या दिसल्या. कर्करोगाची गाठ मात्र नव्हती. "वेळेवर आलात, काका," थनवत म्हणाला. मला रडू आवरेना.

बाहेर चिंचेखाली तो घुटमळला.

"काम संपलं ना? मग थांबलात का?"

"सांगायला... लाज वाटते."

"माझी सगळी लाज तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलीत, डॉक्टर. आता तुमची पाळी."

त्याचे कान लालबुंद झाले. तो पुटपुटला, "तुम्ही आवडता मला."

"ऐकू नाही आलं," मी चक्क खोटं बोलले.

त्यानं पुन्हा सांगितलं – या वेळी बाबांनाही ऐकू गेलं.