मागच्या बाकावरच्या मुंग्या

टण्ण! डब्याचं झाकण ओट्यावरून पडलं आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. केतकी नुकतीच शाळेतून आली होती. झाकण उचलायला ती वाकली, तेव्हा खिशातून शाळेची चिठ्ठी डोकावली.

आईनं ती वाचली. ‘केतकी, इयत्ता चौथी. लक्षपट्टीची नोंद : शंभरपैकी एकेचाळीस. वर्गात चित्रं काढणाऱ्या मुलांचं लक्ष कमी असतं, असं आढळलं आहे. सोमवारपासून केतकी शांतवर्गात बसेल.’

लक्षपट्टी म्हणजे कपाळाला बांधायची मऊ पट्टी. मेंदूतल्या लहरींवरून ती मुलांचं लक्ष मोजायची. आणि शांतवर्गात प्रत्येकाला काचेची वेगळी खोली. शेजारी मैत्रीण नाही, हातात पेन्सिल नाही.

“कशाला काढतेस गं चित्रं?” आई कडाडली. “किती वेळा सांगायचं?”

“मुंग्या काढते फक्त,” केतकी म्हणाली. “वहीच्या समासात.”

“वृंदाताई,” कोपऱ्यातून माप्या म्हणाला, “हा निष्कर्ष तुम्ही कशावरून मान्य केलात?”

माप्या हा विद्यापीठानं दिलेला यंत्रमानव. आई मानसशास्त्राच्या संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र शिकत होती; भाजी चिरताना माप्या तिला धडे वाचून दाखवायचा. जे दिसेल ते मोजायचा, म्हणून केतकीनं त्याचं नाव माप्या ठेवलं होतं.

“मान्य? छापलंय तिथे!”

“परवाच्या चाचणीत असाच निष्कर्ष तपासायचा होता. तुम्हाला दहापैकी नऊ गुण होते.”

आईचे कान लाल झाले. मग ती केतकीशेजारी फरशीवरच बसली आणि तिचे केस मागे सारले. “चुकलं माझं. ओरडायच्या आधी विचारायला हवं होतं. सांग, मुंग्या कधी काढतेस?”

“बाईंचं ऐकू येत नाही तेव्हा. मागे हवा साफ करणारी हवागाळणी आहे ना, ती सारखी घुंऽऽ करते. अर्धं वाक्य येतं, अर्धं नाही.”

“मग पुढे का नाही बसत?”

“उंचीप्रमाणे बसवतात. मी उंच. मागचे सगळे उंचच. आणि कंटाळून सगळेच काहीतरी काढतात.”

आई ताडकन उठली. “म्हणजे चित्रांमुळे लक्ष कमी झालंच नाही! घुंऽऽमुळे लक्षही गेलं आणि चित्रंही आली! आणि शिक्षा कुणाला, तर पोरीला!”

“असू शकेल,” माप्या म्हणाला. “दोन गोष्टी जोडीनं कमीजास्त होतात, तो सहसंबंध (एकमेकींबरोबर बदलणं). त्यावरून कार्यकारणसंबंध (एकीमुळे दुसरी घडणं) ठरत नाही. मागे तिसरीच गोष्ट लपलेली असू शकते. पण ताई, हवागाळणीवरचा संशयही अजून संशयच आहे. राग हा पुरावा नाही.”

“नाही ना? मग पुरावा गोळा करू. रागानंच करू!”

दुसऱ्या दिवशी आई मुख्याध्यापिका सबनीस मॅडमसमोर उभी राहिली.

“यंत्र खोटं बोलतं का हो?” मॅडमनी विचारलं.

“यंत्र खरंच बोलतंय. तुम्ही त्याच्या तोंडी भलतंच घालताय. मला दहा दिवस द्या. मी चुकले, तर केतकीचं दप्तर मी स्वतः शांतवर्गात नेऊन ठेवीन.”

केतकीनं आईचा पदर घट्ट धरला. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, आणि होकार दिला.

रोज सकाळी केतकीच्या वर्गातल्या छत्तीस मुलांनी डब्यातून बाकाची चिठ्ठी उचलायची. हवागाळणी दहापैकी कोणते पाच दिवस बंद ठेवून खिडक्या उघडायच्या, तेही चिठ्ठीनंच ठरलं. याला यादृच्छिक वाटप (कुणाची निवड न चालता नशिबावर सोडलेली विभागणी) म्हणतात. त्यामुळे उंच, बुटके, हुशार, खोडकर सगळे पुढेमागे विखुरतात.

दुसऱ्याच दिवशी केतकीला मागचा बाक आला. चिठ्ठ्यांवर लक्ष ठेवायला आई वर्गातच होती. “आई, मी पुढच्या बाकावरच्या सईशी बदलू?” ती कुजबुजली. “ती हो म्हणतेय.”

आईला ‘बदल’ म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. “नाही गं राणी. सोयीनं बदललं, तर आपणही सोयीचा निष्कर्ष काढणाऱ्या शाळेसारखेच.”

अकराव्या दिवशी माप्यानं मॅडमच्या खोलीतल्या भिंतीवर आकडे उमटवले. हवागाळणी चालू असताना पुढच्यांच्या लक्षाची सरासरी (सगळ्यांची बेरीज भागिले मुलांची संख्या) अठ्ठ्याहत्तर, मागच्यांची पंचेचाळीस. बंद असताना पुढे एकोणऐंशी, मागे शहात्तर. वर्गात पहिला येणारा पार्थही घुंऽऽच्या दिवशी मागे बसून वहीत विमानं काढत होता.

“पार्थसुद्धा?” मॅडम पुटपुटल्या.

“मग त्यालाही टाका काचेत!” आई म्हणाली.

मॅडमनी केतकीची चिठ्ठी फाडली. हवागाळणी त्याच आठवड्यात गच्चीवर हलली. यापुढे कोणत्याही मुलाबद्दल काही ठरवण्याआधी अशी तपासणी करायची, आणि ती मुलांनीच करायची, असंही ठरलं. तपासणी करणाऱ्या पहिल्या गटात केतकीचं नाव होतं.

घरी जाताना दोघी शांतवर्गावरून गेल्या. काचेमागे तेरा मुलं ताठ बसली होती, प्रत्येकाच्या कपाळाला पट्टी. आईनं मोठ्या आवाजात सांगितलं, “उद्याच यांच्याबद्दलही अर्ज देणार आहे मी. सोडणार नाही.”

केतकी काचेला नाक लावून बघत राहिली. आतल्या एका मुलीसमोर कोरा कागद होता. आकडे पाहिल्यावर मॅडमनी तिला पेन्सिल दिली होती, पण ती हात मांडीवरच ठेवून बसली होती.

“आई, आपण मोजलं ते लक्ष. पण हिला आता चित्र काढावंसंच वाटत नाही, ते कशानं मोजायचं?”