डावी बाजू वर

आठ वर्षांनी आई पंधरा दिवसांसाठी जपानला भेटायला आली, म्हणून लिगायाने वृद्धाश्रमातल्या नोकरीतून तीन दिवसांची रजा भांडून घेतली आणि तिला डोंगरातल्या गरम झऱ्यांवर आणलं. आईने तळं पाहिलं आणि फिलिपिन्समधलं आपल्या गावचं तळं मोठं असल्याचं जाहीर केलं. डोंगराचीही तीच गत झाली.

चार वाजता दोघी त्या लाकडी हॉटेलात पोचल्या. खोलीत गंधकाचा वास कोंदला होता. लिगायाने हॉटेलचा सुती झगा नीट नेसला आणि चहा ओतला. आई दुसरा झगा चढवून आरशापुढे उभी राहिली.

"कशी दिसते गं? जपानीण?"

आईच्या झग्याची उजवी बाजू वर होती. इथे जिवंत माणूस डावी बाजू वर घेतो. उजवी वर असते ती प्रेताची. आश्रमात तिने स्वतः कितीजणींना तसं नेसवलं होतं.

"नानाय," ती आईला म्हणाली, "सोड ते. उलटं झालंय."

"झग्याला कसलं आलंय उलटं-सुलटं! चहा दे आधी."

आईने कप उचलला, आणि सरकतं दार हळूच उघडलं. दारात आश्रमातली हिरानो आजी उभी होती. गेल्याच महिन्यात ती वारली, तेव्हा लिगायानेच तिला शेवटची आंघोळ घातली होती. अंगावर तेव्हा नेसवलेला झगाच, उजवी बाजू वर.

"पाणी तापलंय... चला," आजी आईला म्हणाली.

आईला जपानीचं अक्षर कळत नव्हतं. तरी ती कप ठेवून मुकाट्याने उठली. लिगायाने तिचा हात धरला. नुकताच चहाचा गरम कप धरलेला हात, पण थंडगार होता.

लिगायाला भीतीपेक्षा संताप जास्त आला. आठ वर्षं लोकांच्या आया धुतल्या-पुसल्या, आणि स्वतःची मिळाली ती पंधरा दिवसांपुरती!

"हिरानो आजी, तुम्हाला चमच्याने भरवलं मी. शेवटपर्यंत केलं. पण हिला हात लावायचा नाही. ही माझी आहे!"

तिने आईचा पट्टा ओढून काढला, डावी बाजू वर घेतली आणि गाठ आवळली. आजी बराच वेळ बघत राहिली... आईकडे नाही, लिगायाकडे. मग तिने वाकून नमस्कार केला आणि दार लागलं.

"कुठे निघाले होते गं मी?" आई डोळे चोळत म्हणाली. मग एकदम हसली. "मला शहाणपण शिकवतेस, आणि स्वतःचा बघ!"

लिगायाने खाली पाहिलं. उजवी बाजू वर होती. तिने झगा सोडला, नीट केला, दोन गाठी मारल्या. पुन्हा पाहिलं. गाठी तशाच होत्या, आणि उजवी बाजू वर.

"बघू आजी, आधी कोण दमतं," ती बंद दाराला म्हणाली आणि तिसऱ्यांदा गाठ सोडायला लागली.