तिनं मला ती भाषा का शिकवली

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात मी बटाट्यांचा ढीग लावत होतो. समोर एक बाई मोबाईलमध्ये बघून स्वतःशीच बोलत होती, "मी पाण्यात बटाटे उकडते... मी पाण्यात बटाटे उकडते..."

"उकडा की," मी म्हणालो. "पण आधी घ्या तरी."

ती दचकली, मग हसली. शिक्रापूरच्या एका दवाखान्यात ती नर्स होती. नॉर्वेत म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला नर्स हव्या होत्या, म्हणून तिकडची भाषा शिकत होती.

"भवानी व्हायचीय, सिस्टर. किती देऊ?"

"सिस्टर नका म्हणू. सारिका म्हणा. एक किलो द्या, आन् माझं वाक्य ऐका."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"पहिल्या गिऱ्हाइकाला न्हाई म्हणत्यात व्हय?"

मग मी ऐकलं. "यै कूकर पुतेतर इ वान."

"यै म्हंजी मी," ती सांगू लागली. "कूकर म्हंजी उकडते. पुतेतर बटाटे, वान पाणी."

"आन् ते मधलं 'इ'?"

"आपल्या पाण्यातला 'त' हाय तो. ते लोक आधी लावत्यात."

"म्हंजी 'त पाणी'?"

"व्हय!"

"आन् मला उकडतो म्हणायचं असंल तर?"

"तेच. बाई असू दे न्हाईतर बापय, कूकरच."

"मग तिकडं बापय बी उकडतो?"

"शिकवलं की उकडतो," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघतच राहिली. मी वजन करायचं विसरलो.

त्यानंतर दर बाजारी ती सकाळीच यायची. वर्षभर तिनं मला वाक्यं पाठ करायला लावली. चुकलो की म्हणायची, "संपतराव, ध्यान कुठंय?" ध्यान कुठं होतं ते तिला माहीत होतं.

एके सकाळी ती पत्र घेऊन आली. तिची निवड झाली होती.

"जाऊ का?" तिनं विचारलं.

मला 'जा' म्हणायचं होतं, पण... "नका जाऊ," मी म्हणालो. "माझ्याशी लग्न करा."

"एवढंच म्हणायचंय?"

"व्हय."

तिनं पत्राची घडी घातली आणि पिशवीत बटाट्यांखाली ठेवली.

आठ वर्षं संसार झाला. मग ती आजारी पडली. एका दुपारी मी पहिल्यांदाच म्हणालो, "माझ्यामुळं तुझं जाणं राहिलं."

"मला थांबायचं होतं म्हणून थांबले," ती म्हणाली. "पण तुमी म्हणाल वाटलं होतं... 'चल, मी बी येतो.'"

"मी? मी बटाटेवाला."

"मग वर्षभर तुमाला ती भाषा कशाला शिकवत होते?"

मला वाटायचं, तिला घोकायला कुणीतरी हवं असतं. एवढंच वाटायचं.

"बरी हो," मी म्हणालो. "दोघं जाऊ."

"आधी पासपोर्ट तर काढा," ती हसली.

मी दुसऱ्याच दिवशी अर्ज भरला.

हवालदार चौकशीला घरी आले, तेव्हा तिचा दहावा होऊन दोन दिवस झाले होते. ओट्यावर बसून त्यांनी कागद काढला.

"कुठं चाललाय?"

"नॉर्वेला."

"कोण हाय तिकडं?"

"तिकडं बी कुणी न्हाई," मी म्हणालो.