नवा रेपो रिकामाच असतो

शून्यातून सृष्टी निर्माण करण्याचं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. शंकाताईंच्या वाट्याला ते रोज सकाळी दहाला यायचं, आणि सव्वादहाला त्या ती सृष्टी पुसून टाकायच्या. पगार त्याचाच होता.

काम साधं. दूरच्या सर्व्हरवर नवा रेपो, म्हणजे प्रोग्राममधला प्रत्येक बदल तो करणाऱ्याच्या नावानिशी जपणारी कोठी, एका आज्ञेसरशी तयार होते का ते बघायचं. ती रिकामी आहे याची खात्री करायची, पुसायची आणि अहवालावर सही ठोकायची. पण शंका काढून काढून ताईंनी तीन वेळा प्रोग्रामची नवी आवृत्ती अडवली होती.

"बारापर्यंत सही हवी," साहेबांनी बजावलं होतं. "चौथी शंका निघाली, तर तुमच्या खुर्चीत यंत्र बसवतो."

आज सर्व्हरच साडेअकराला सुरू झाला. रेपो तयार झाला, पण रिकामा नव्हता. आत एक नोंद होती. करणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. मजकूर एवढाच: 'टेबलं दोन. कप दोन.'

ताईंनी चष्म्यावरून समोर पाहिलं. समोरच्या टेबलाशी ती आज्ञा लिहिणारा प्रोग्रामर बसला होता. ऑफिसात त्याला टवाळच म्हणत.

"हा तुझाच चावटपणा ना रे?"

"ताई, एवढा उत्साह असता तर मी केस विंचरून आलो नसतो का?"

मुद्दा बिनतोड होता. तरी ताईंनी त्याच्यावर एक डोळा ठेवूनच रेपो पुसला आणि दुसरा तयार केला.

'टेबलं दोन. कप दोन. ताईंच्या कपाचा कान तुटलाय.'

कान आज सकाळीच तुटला होता. ती बाजू ताईंनी स्वतःकडे वळवून ठेवली होती. टवाळाला ती दिसणं शक्य नव्हतं. आणि ताईंच्या मागे नुसती भिंत.

त्यांनी संगणकाच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. मग टवाळाच्या संगणकाची वायर स्वतःच्या हाताने उपटली.

"दोन्ही हात डोक्यावर ठेव."

"ही तपासणी आहे की शिक्षा?"

"ठेव म्हणते ना!"

त्याने ठेवले. ताईंनी तिसरा रेपो तयार केला.

'हात डोक्यावर. वायर जमिनीवर. माणसं तीन.'

टवाळ उठून ताईंच्या बाजूला आला. त्याने वाचलं. मग बोट दाखवत तो खोलीतली माणसं मोजायला लागला.

दोनावर थांबला.

दार बंद होतं.

ताईंच्या मानेला मागून ऊब लागत होती.

फोन वाजला. "बारा वाजले, ताई. शंका वगैरे नाही ना?"

ताईंनी तिसरा पुसला, चौथा तयार केला. वरपासून खालपर्यंत पाहिला. कोरा.

"नाही, साहेब," त्या म्हणाल्या. 'रेपो रिकामा' असं लिहून त्यांनी सही केली. एवढ्या वर्षांत शंका गिळून केलेली ही पहिलीच सही. खुर्ची वाचली. त्या तिच्यात ताठ बसून राहिल्या, पाठ न टेकता.

"चहा आणतो," टवाळ दाराशी जात हळूच म्हणाला. "दोनच ना?"

ताई उत्तर देणार, तेवढ्यात नुकत्याच सही झालेल्या रेपोत एक ओळ उमटली.

'माझ्यात साखर कमी.'