वॉरिनचा खंदक

ॲव्हिस गुडघाभर चिखलात उभी राहून खंदकात घागर रिकामी करत होती, आणि नेमका तेव्हाच हॅमन आला. यायचा होता खरं तर संध्याकाळी.

"हे काय चाललंय?" त्याने घोड्यावरूनच विचारलं.

"माशांना... ताजं पाणी घालतेय," ती म्हणाली, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लाडावलेत मासे," तो गंभीरपणे म्हणाला. डोळे मात्र हसत होते.

सफक परगण्यात त्या काळी थोडी बरकत आली की जो तो घराभोवती खंदक खणत सुटला होता. शत्रूबित्रू कुणी येणार नव्हता. पण सरदाराच्या घराला खंदक, म्हणून आपल्याही घराला हवा. पूल ओलांडून येणारा माणूस जरा अदबीने बोलतो. ॲव्हिसच्या वडिलांनी, वॉरिननी, कुणाचं न ऐकता आपला खंदक वाळूत खणला आणि तळाशी चिकणमातीही थापली नाही. पाणी काही टिकेना. हॅमनच्या घरी मात्र बारमाही झऱ्याच्या बाता मारून झाल्या होत्या. ॲव्हिसची आणि त्याची सोयरीक त्या झऱ्यावरच जुळत आली होती, म्हणून सारं घर सकाळपासून ओढ्यावरून पाणी वाहत होतं.

जेवताना वॉरिननी वामीचा रस्सा वाढला, आपल्याच खंदकातली वाम म्हणून. दाराबाहेर पाणी भराभर उतरत होतं, तळाचा चिखल दिसू लागला होता, आणि ते आपले बोलतच होते. ॲव्हिसला वडिलांची लाज वाटली. मग, अशी लाज वाटली याचीच जास्त लाज वाटली. ती उठून पुलावर गेली. हॅमनही मागोमाग आला.

"झरा नाही, मासे नाहीत," ती खाली बघत म्हणाली. "पाणी आम्हीच ओतलंय. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल... फक्त बाबांना हसू नका."

कान लाल झाले होते त्याचे.

"आमचा खंदक तीनच बाजूंनी आहे," तो म्हणाला. "चौथ्या बाजूला वडिलांची कंबर धरली. तिथे डुकरं बांधतो. पाहुण्यांना आम्ही घराच्या मागे जाऊच देत नाही."

"म्हणजे मागून कुणीही आत येऊ शकतं?"

"कुणीही."

"मग मी कुठून येऊ?"

बोलून गेली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"पुढून," हॅमन हळूच म्हणाला, "सगळ्यांच्या देखत."