श्वासवेलीचा मांडव

प्रयोगशाळेतल्या कुंडीतली वेल हणमंतराव बाबरांनी चारी बाजूंनी निरखली आणि डॉ. शमा मुजावरांना विचारलं, "ही माणूस ओळखते म्हणजे नेमकं काय करते?"

"श्वास ओळखते, तात्या. पोटातल्या जंतूंमुळे प्रत्येकाच्या श्वासाला एक गंधखूण येते. ज्याची खूण ओळखीची, त्याच्यावर ही श्वासवेल सावली धरते. परका आला की पानं मिटून घेते."

तात्यांना एवढंच हवं होतं. आटपाडीकडच्या गावातल्या घरावर त्यांना नव्या धाटणीची गच्ची करायची होती. मधोमध दगडी बैठक, कडेनं गवती चहा, वर पोलादी मांडव आणि त्यावर ही वेल. उत्तम आणि विलास हे दोघे लेक एकमेकांशी बोलायचे ते बायकांमार्फत. एका सावलीत बसले की वाटणीचा विषय मागे पडेल, असा तात्यांचा हिशेब. माणूस व्यवहारी खरा, पण बाप झाला की बेरजेपलीकडचं गणित विसरतो.

वर्षभरात वेलीनं मांडव धरला, पण दोन तुकड्यांत. एक उत्तमच्या मंडळींवर, दुसरा विलासच्या. मधे तात्यांच्या डोक्यावर ऊन. विलास हसून म्हणाला, "तात्या, वेलीनं तुम्हाला पाहुण्यात धरलंय."

शमाबाईंनी येऊन दोन्ही तुकडे निरखले. मग त्यांनी समजावलं. पोटातले जंतू रक्तावर नाही, रोजच्या जेवणावर ठरतात. वेलीला नातं कळत नाही, चूल कळते, आणि प्रत्येक फांदी आपल्याखालची चूल धरते.

"तात्या, तुम्ही जेवता कुठं?"

"पंधरवडा खाली उत्तमकडे, पंधरवडा वर विलासकडे. वाटून घेतलंय पोरांनी."

"मग तुमची खूण बसायच्या आत मोडते. कुठंही जेवा, पण काही महिने एकाच घरचं जेवा."

दोघे लेक तिथंच उभे होते. उत्तम म्हणाला, विलासच्या बायकोच्या हाताला चव आहे. विलास म्हणाला, मान थोरल्याचा. इतक्या वर्षांत भावांनी एकमेकांचं कौतुक केलं ते पहिल्यांदाच.

तात्यांनी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या आडोशाला स्वतःची शेगडी मांडली. पिठलं करपायचं, भात कच्चा राहायचा, पण चव रोज तीच. हिवाळ्यापर्यंत एक फांदी त्यांच्याकडे वळली आणि एका माणसापुरती सावली धरून थांबली. सुनांना हायसं वाटलं.

एके दुपारी उत्तमची धाकटी लेक धावत येऊन तात्यांच्या मांडीवर बसली. डोक्यावरची पानं हळूहळू मिटायला लागली. तात्यांनी वर पाहिलं आणि तिला अलगद खाली उतरवलं.

"जा बाय," ते म्हणाले, "तुझ्या सावलीत जाऊन बस."